मिरजेत समुद्र नाही, मग कबरीवर नांगर कसा?

पुनरुत्थानाच्या सणाआधी (ईस्टर) आम्ही दरवर्षी मिरजेला ख्रिस्ती कबरस्तानात आजीच्या कबरीला चुना मारायला जातो. यंदा शेजारच्या जुन्या दगडावरचं शेवाळ मी घासून काढलं. नाव झिजलंय, पण खाली काहीतरी कोरलंय: वर कडी, तिच्याखाली आडवा दांडा, तळाला दोन्ही बाजूंना वर वळलेली टोकं. त्यावर आय, एच, एस ही इंग्रजी अक्षरं. आत्या म्हणाली, "नांगर आहे तो." मला वाटलं, माणूस शेतकरी असणार. पण मग फाळ कुठंय? आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, तिला नक्की ठाऊक असतं. कुणी सांगेल का?

उत्तर (सातारा)
आत्याबाईंचं बरोबर आहे, फक्त हा जहाजाचा नांगर. आपल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द, म्हणून घोटाळा. बायबलातलं इब्री लोकांस पत्र 6:19 काढून वाचा, आशेला तिथं जिवाचा नांगर म्हटलंय. रोममध्ये प्रिस्किल्लाच्या भुयारी दफनभूमीतही सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी तो कोरलाय. क्रूस तेव्हा देहदंडाचं साधन, थडग्यावर तो उघड क्वचितच दिसे. पण कडीखालचा तो आडवा दांडा नीट बघा, क्रूस तिथंच आहे. आणि अक्षरं इंग्रजी नाहीत. ग्रीकमध्ये येशूचं नाव लिहिताना येणारी ती पहिली तीन अक्षरं. मधलं एचसारखं दिसतं, त्याचा उच्चार 'ई'.

उत्तर (तासगाव)
आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मेजावर द्राक्षवेल कोरलीय, बायबलातल्या योहान 15 मधली. पाहुण्यांना ती नक्षी वाटते. आपला सण येतो तेव्हा आमच्याकडे द्राक्षबागेची खरड छाटणी असते. ओलांड्यावर, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे (कोंब फुटायची जागा) ठेवून सगळ्या काड्या उतरवतो. नवख्या माणसाला बाग मेली असं वाटतं. फळ देणारी फांदी बाप, म्हणजे देव, छाटतो, असं वचन आहे. माझा थोरला भाऊ गेला त्या वर्षी मी कात्री हातात घेऊन बागेत उभा होतो आणि ते वचन मला पहिल्यांदा कळलं. सुतारानं मेजावर पानं, घड सगळं काढलंय. छाटलेली फांदी एक तरी काढायला हवी होती.

मूळ प्रश्नकर्ती
काल आत्याला घेऊन परत गेले. दगडावर कागद धरून पेन्सिल फिरवली. दांडा उठला, वरची कडीही उठली. नावातलं एक अक्षर लागलं, 'रा'. आजीच्या कबरीला चुना मारला. त्या दगडाला नाही मारला, उरलेलं बुजेल.