धुऱ्यावरची (बांधावरची) चिंच तोडायला परवानगी लागते का? काकाजींनी ठेकेदाराला हो म्हटलं आहे

वावरातली (दारव्हा तालुका)

नमस्कार. आमचं वावर कोरडवाहू आहे, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. आमच्या आणि माझ्या चुलतसासऱ्यांच्या, म्हणजे काकाजींच्या, वावरामधल्या धुऱ्यावर एक जुनी चिंच आहे, आजेसासऱ्यांच्या काळातली. तिच्यापुढे पंधरा-वीस पावलांवर कडुनिंब. मागच्या आठवड्यात लाकडाचा एक ठेकेदार येऊन दोन्ही झाडं पाहून गेला. काकाजी हो म्हणाले आहेत. तुरी निघाल्या की आरा लावणार.

काकाजी वाईट नाहीत. सावली त्यांच्या बाजूला जास्त पडते, तिथली चार-पाच तासं (ओळी) पऱ्हाटी दर वर्षी खुजी राहते, बोंडं धरत नाहीत. नुकसान खरं आहे आणि ते एकटेच सोसतात.

पण मला ती चिंच राहायला पाहिजे. मार्चमध्ये चिंचा झोडल्या की सासूबाई आणि मी घरी बसून फोडतो. चिंच वेगळी विकतो, चिंचोके वेगळे. घरात बायकांच्या हातात येणारा तेवढाच एक पैसा, त्याचा हिशोब कोणी मागत नाही. एप्रिल-मे महिन्यात धसकटं वेचायला बाया येतात, तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या वावरांत मिळून सावली हीच. लेकरांच्या झोळ्या तिच्याच फांदीला बांधलेल्या असतात. यवतमाळचं ऊन ज्यानं पाहिलं त्याला जास्त सांगायला नको.

ठेकेदार म्हणतो, "खाजगी जागेतलं झाड आहे, कोणाला विचारायचं काम नाही." हे खरं आहे का? कडुनिंबाचं काय? आणि घरात भांडण न लावता मी काय करू शकते?

निवृत्त वनरक्षक

ताई, ठेकेदाराचं म्हणणं चूक आहे. १९६४ चा झाडे तोडण्याच्या विनियमनाचा कायदा खाजगी जमिनीलाही लागू आहे. त्याला एक अनुसूची आहे: साग, मोह, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, बीजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन आणि खारफुटी. यांतलं झाड स्वतःच्या वावरात असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय तोडता येत नाही. तुमची चिंच त्यात आहे. कडुनिंब नाही.

पण हा कायदा तोडीला बंदी घालत नाही, विचारून तोडा एवढंच म्हणतो. अर्ज आला, कागद बरोबर असले, कारण पटलं, तर परवानगी मिळते. म्हणून "कायदा आहे, झाड वाचलं" असं समजून घरी बसू नका.

तुमच्याकडे जोर आहे तो धुऱ्याचा. खोड दोघांच्या हद्दीत असेल तर झाड दोघांचं, एकट्याला विकता येत नाही. अर्जासोबत सातबारा, नकाशा लागतो, आणि सामाईक झाड असेल तर दुसऱ्या मालकाची संमती. तुमच्या यजमानांचं किंवा सासऱ्यांचं नाव सातबाऱ्यावर असेल त्यांच्या सहीनं आजच एक साधा अर्ज लिहा: गट नंबर, झाड कुठं आहे, झाड सामाईक आहे, आमची संमती नाही. एक वन परिक्षेत्र कार्यालयात, एक तहसीलला. दोन्ही ठिकाणी आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय दिलेला कागद म्हणजे दिलाच नाही.

घाटंजीचा शेतकरी

मी दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका ताई. माझ्या वावरात साग आहे. मीच लावला, मीच वाढवला. मुलीच्या लग्नासाठी तोडायचा म्हटलं तर वनखात्यात मालकी प्रकरण टाका, मोजणी आणा, पंचनामा, झाडांवर खुणेचा हातोडा, मग वाहतुकीचा पास. तोवर लग्न उरकून गेलं, कर्ज काढूनच. आमच्या गावात आता धुऱ्यावर सागाचं रोप आपोआप उगवलं तरी लोक ते लहान असतानाच उपटून टाकतात. मोठं झालं की आपलं राहत नाही, ही भीती. झाडं वाचवायच्या कायद्यानं रोपं मरतात, हे मी डोळ्यांनी पाहतो आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

त्यामुळे अर्ज करा, पण काकाजींना आधी सांगून करा. चार-पाच तासांचं त्यांचं नुकसान कोण देणार, ते पहिले बोला. त्यांच्या बाजूच्या खालच्या फांद्या छाटल्या तर उजेड बराच येतो. चिंच एवढ्यानं मरत नाही. फांदीच्या बुडाशी जो फुगीर भाग असतो त्याला धक्का न लावता त्याच्या लगेच बाहेरून छाटायची, ठूठ सोडायचं नाही, आणि एका वर्षी सगळ्या फांद्या काढायच्या नाहीत.

वावरातली

भाऊ, राग कशाचा. बरोबर बोललात. रात्री सासूबाईंसमोर विषय काढला. त्या म्हणाल्या, काकाजींच्या घरी चिंच कधी दिलीच नाही आपण, झोडायला आपण जातो म्हणून सगळी आपलीच. हे माझ्या ध्यानातच नव्हतं, मी लग्न होऊन आले तेव्हापासून असंच चालू आहे. यंदापासून अर्धी चिंच त्यांची, आणि छाटणीची मजुरी आमची, असं उद्या जाऊन सांगणार आहोत. सासरे सोबत येतो म्हणाले.

पण कडुनिंब? त्याला काहीच नाही का?

दारव्हा, गावातला

शहरात असतं तर होतं. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे, त्यात कोणत्याही जातीचं झाड तोडायला परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून जास्त संरक्षण मिळालं. ग्रामपंचायत हद्दीत तो लागू नाही. म्हणजे आमच्या घरामागच्या कडुनिंबाला संरक्षण आहे, आणि चार किलोमीटरवर वावरात उभ्या असलेल्या त्याच वयाच्या कडुनिंबाला नाही. हे मला कधीच पटलेलं नाही.

निवृत्त वनरक्षक

कडुनिंबासाठी तीन गोष्टी करता येतील. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे, तुमच्या गटात दोन्ही झाडं नोंदवा. दुसरं, जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. बहुतेक गावांत ती कपाटात पडून असते. ती काढायला लावा आणि गावातली जुनी झाडं, कोणाच्या वावरात, कोणत्या गटात, अशी लिहून घ्या. यानं तोडीला बंदी येत नाही. पण झाड कागदावर आलं की रात्रीतून गायब करणं अवघड जातं. आणि सामाईक मालकीचा मुद्दा कडुनिंबालाही तसाच लागू आहे, त्याला अनुसूची लागत नाही. अर्जात दोन्ही झाडं लिहा.

ठेकेदारानं काकाजींना विसार दिला आहे का, ते उद्या आधी विचारा. दिला असेल तर तो परत करताना दोन माणसं समोर ठेवा आणि चिठ्ठी लिहून घ्या. नाहीतर तो सौदा झाला म्हणून मजूर घेऊन उभा राहतो. विनापरवाना तोड झाली तर लाकूड जप्त होतं आणि प्रकरणात ज्याचा सातबारा त्याचं नाव येतं, हेही काकाजींना शांतपणे सांगा. त्यांना हे कोणी सांगितलेलं नसेल.