इंपेलर पुन्हा बदलण्यापूर्वी

सचिव: सोसायटीच्या सभासदांना नमस्कार. पाणी चढवणारा पंप आज खोलला असता इंपेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाच्या) पात्यांवर, पाणी आत शिरते त्या बाजूला, स्पंजासारखे खड्डे आढळले. मिस्त्री हा गंज असल्याचे सांगतात. नवा इंपेलर मागवावा का?

बी-४०२: सचिव महोदय, कृपया थोडे थांबावे. मी निवृत्त यांत्रिकी अभियंता असून माझ्या मते हे कॅव्हिटेशन आहे. सक्शनकडील, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूचा, दाब पाण्याच्या बाष्पदाबाखाली (ज्या दाबाला पाण्याची वाफ होऊ लागते त्याखाली) गेला की वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पुढे दाब वाढताच धातूलगत फुटून त्याचे कण उडवतात. अशा फुटण्यातून किती प्रचंड दाब निर्माण होतो, याचे गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्येच मांडले होते. कारण तसेच राहिले, तर नवा इंपेलरही असाच झिजेल.

ए-१०३: काका, हा आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचा परिणाम आहे का?

बी-४०२: काही अंशी आहे, ताई. पाण्याचा बाष्पदाब २० अंशांना सुमारे २.३ किलोपास्कल, तर ४० अंशांना ७.४ असतो. मात्र खालच्या टाकीची पातळी एक मीटर उतरली की सक्शनचा दाब ९.८ किलोपास्कलने घटतो, म्हणून माझा अधिक संशय मे महिन्यात टाकी तळाला जाते त्यावर आणि फूट व्हॉल्व्हच्या (सक्शन पाइपच्या तळाशी असलेल्या झडपेच्या) तुंबलेल्या जाळीवर आहे.

सचिव: पंप चालू असताना हे कानाला कळणार नाही का?

बी-४०२: खडी फिरल्यासारखा आवाज येतो, पण तोवर बहुधा उशीर झालेला असतो आणि सुरुवातीची चाहूल मोटारीच्या आवाजात बुडते. त्यासाठी पीझोइलेक्ट्रिक (कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या) स्फटिकाचा अकूस्टिक एमिशन सेन्सर, म्हणजे धातूतून जाणाऱ्या ध्वनिलहरी टिपणारे उपकरण, ग्रीस लावून पंपाच्या कवचावर घट्ट बसवतात आणि मोटार-बेअरिंगचा खालचा आवाज गाळून साधारण १०० किलोहर्ट्झच्या वरचे संकेत मोजतात. बुडबुडे फुटण्याचे धक्के तेथे स्पष्ट उमटतात. जलविद्युत केंद्रांतील टर्बाइनवरही ही पद्धत वापरतात. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो: संकेत वाढला म्हणजे झीज तेवढीच झाली, असे नसते. वाफ फार झाली की तीच धक्के शोषते आणि आकडा उलट खाली येतो. म्हणून एकाच मोजणीवर विसंबू नये; टाकी भरलेली असताना पहिली नोंद घ्यावी, मग पातळी हळूहळू उतरवत संकेत कोठे चढू लागतो ते पाहावे आणि फ्लोट स्विच (पाणी उतरताच पंप बंद करणारा तरंगता स्विच) त्या पातळीच्या वर बसवावा.

सचिव: समजले. मागणी थांबवतो. उद्या जाळी साफ करून घेतो आणि भाड्याने उपकरण आणून मोजणी करणाऱ्यांकडून दरपत्रक मागवतो.