मुख्याध्यापकाची खुर्ची नको म्हणणं हा पळपुटेपणा आहे का?

डस्टर:
आमचं अनुदानित हायस्कूल आहे, कोकणात, घाटाच्या पायथ्याशी. आठवी ते दहावी, तीन वर्ग, पट ७१. हेडसर धरून आम्ही चौघं. लिपिक आठवड्यातून तीनच दिवस आमचे, उरलेले दिवस संस्थेच्या दुसऱ्या शाळेचे. शिपाई निवृत्त झाले. २०२० च्या शासन निर्णयानंतर ती जागा भरत नाहीत, ठोक भत्ता देतात. त्या भत्त्यात इथे कोणी टिकत नाही. घंटा दहावीतला एक मुलगा देतो, दोन मिनिटं उशिरा.

हेडसर मे महिन्यात निवृत्त होतायत. खासगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे सेवाज्येष्ठ मी, म्हणजे खुर्ची माझ्याकडे येते. लेखी नकार द्यायचं ठरवलंय, तर शिक्षकांच्या खोलीतले सगळेच 'पळपुटा' म्हणायला लागलेत. म्हणून विचारतो.

गेल्या मंगळवारी हेडसर दहावीवर भूमिती घेत होते. फळ्यावर वर्तुळ काढलं, बाहेरच्या बिंदूतून एक स्पर्शिका काढली, दुसरी काढणार तेवढ्यात तालुक्याहून फोन. कसलीशी माहिती बारापर्यंत हवी, 'अत्यंत तातडीचे'. ती भरतायत तोवर खिचडीच्या तांदळाची गाडी दारात. पोती तोलून घ्यायला शिपाई नाही, मग तेच काट्यापाशी उभे. तास संपला. ते वर्तुळ एकाच स्पर्शिकेनिशी गुरुवारपर्यंत फळ्यावर होतं. मधे कोणीतरी त्याला डोळे आणि मिशा काढल्या.

माझं म्हणणं एवढंच, की पदं मंजूर करताना डोकी मोजतात, विषय मोजत नाहीत. पट ७१ असो की ७००, दहावीला तीन भाषा आहेत, गणिताचे दोन भाग आहेत, विज्ञानाचे दोन आहेत. यू-डायसचे, म्हणजे सरकारला दरवर्षी भरून द्यायच्या शाळेच्या माहितीचे, रकानेही तेवढेच. मोठ्या शाळेत हे काम उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक, दोन लिपिक वाटून घेतात. आमच्याकडे ज्याच्या हातात खडू, त्याच्याच हातात शिक्का.

नववीची_आई:
सर, राग मानू नका. माझी मुलगी अशाच शाळेत आहे. जूनपासून विज्ञानाला शिक्षक नाही. हिंदीच्या बाई पुस्तक वाचून दाखवतात आणि 'अधोरेखित करा' म्हणतात. बाईंचा दोष नाही, पण मुलीचा तरी कुठे आहे? सातवा वेतन आयोग, मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, आणि त्यावर 'खुर्ची नको'. आमच्याकडे 'सुपरवायझर हो' म्हटलं तर नाही म्हणायची सोय नसते.

डस्टर:
ताई, विज्ञानाला शिक्षक नाही हेच तर मी सांगतोय. मी हेडमास्तर झालो की माझे गणिताचे तास कोण घेणार? त्याच हिंदीच्या बाई.

घाटावरचा:
खरं बोलायची कोणाची तयारी नाही. ७१ मुलांचं हायस्कूल चालवूच नये. पाच-सहा किलोमीटरवर दुसरं असतंच. दोन्ही एकत्र करा, मुलांना गाडी द्या, प्रत्येक विषयाला शिक्षक मिळेल, प्रयोगशाळाही धड होईल. पानशेतला अशीच छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा करून दाखवलीच की. गावाची अस्मिता म्हणून शाळा ठेवायची आणि शिक्षकांनी रडायचं, हे किती वर्षं?

नववीची_आई:
गाडी द्या म्हणे! मुलींना एसटीचा पास फुकट आहेच, अहिल्याबाई होळकर योजनेतला. पास आहे, गाडी कुठाय? आमच्याकडे सकाळची एक येते आणि संध्याकाळची आली तर येते. पावसात साकव पाण्याखाली गेला की तीसुद्धा नाही. शाळा लांब गेली तर आमच्या वाडीतल्या निम्म्या मुली आठवीतच घरी बसतील. सरांशी माझं भांडण आहे, पण शाळा इथेच पाहिजे.

घाटावरचा:
मग तोरणमाळसारखी निवासी करा.

नववीची_आई:
तेरा वर्षांची पोर निवासी ठेवायला तुम्ही ठेवाल का तुमची? विचारते आपलं.

माजी_हेडमास्तर:
मी चौदा वर्षं अशीच शाळा चालवली, त्यामुळे थोडं कडक बोलतो. सर, तुम्ही नकार दिलात की यादीतला दुसरा नकार देईल, मग तिसरा. शेवटी प्रभारी म्हणून जो बसेल तो सर्वांत कमी अनुभवाचा असेल. आमच्या वेळीही कागद होते. कॅटलॉग, जनरल रजिस्टर, पगारबिलं हाताने करायचो. पण दहावीचा पहिला तास मी कधी सोडला नाही. त्या वेळात फोन उचलायचाच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा कुठे होते लिपिक नि शिपाई?

डस्टर:
चर्चा कर्मवीरांवर आली की आपण गप्प बसतो, तसा बसतो. पण सर, तुमच्या वेळी फोन भिंतीवर होता. आता व्हॉट्सॲपच्या गटावर माहिती न दिलेल्या शाळांची यादी लाल रंगात पडते, अकरा वाजता, सगळ्या तालुक्यासमोर.

कारकून_तात्या:
तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे असणारा लिपिक मीच समजा. शिक्षकांना वाटतं त्रास त्यांनाच. शालार्थवर, त्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवर, पगारबिल कोण टाकतं? तुमचं मेडिकल बिल त्रुटी लागून परत आलं की शिव्या कोण खातं?

आणि खरी धास्ती सांगतो. ३० सप्टेंबरचा पट, ज्यावर शिक्षकांची पदं ठरतात. आमच्या आठवीत २३ मुलं. १५ मार्च २०२४ च्या निर्णयात सहावी ते आठवीच्या गटात पट वीसखाली गेला की शिक्षकाचं पदच नाही. तेवीसपैकी दोघांचं आधार जुळत नाही. एकाच्या आधारावर आडनाव आधी आणि दाखल्यावर नंतर, दुसऱ्याच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. सिस्टिमच्या लेखी ती पोरं वर्गात नाहीतच. म्हणजे धरा एकवीस. दोन कुटुंबं मुंबईला गेली की एकोणीस. मी त्या ठसेवाल्या पोराला घेऊन तीनदा तालुक्याला गेलो, एसटीचं तिकीट माझ्या खिशातून. हे कुठल्या जॉबचार्टमध्ये आहे?

डस्टर सर, खुर्ची घ्या. तुम्ही निदान वाचून सही कराल. आधीच्या एका साहेबांनी न वाचता केलेल्या सह्या मी आजही निस्तरतोय.

शिक्षणसेविका:
मी पवित्र पोर्टलवरून, सरकारच्या शिक्षकभरतीतून, लागले. मानधन १८ हजार, खोलीचं भाडं त्यातूनच. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. खिचडी आठवीपर्यंतच असते. आमच्या शाळेतही तीनच वर्ग आहेत. आठवीची मुलं ओसरीवर ताटं घेऊन बसतात आणि नववी-दहावीतली ज्यांचा डबा नसतो ती त्याच वेळी नळावर पाणी पीत उभी असतात. वाढणाऱ्या मावशी उरलेलं देतात, पण नोंद फक्त आठवीची करायची. तपासणीला साहेब आले होते, तेव्हा उरलेलंही दिलं नाही. मोठी मुलं त्या दिवशी आपणहून मैदानाच्या टोकाला जाऊन बसली.

त्या वहीवर सही मुख्याध्यापकाची असते. त्यामुळे खुर्ची नको म्हणणाऱ्याला मी पळपुटा म्हणणार नाही.

माजी_हेडमास्तर:
बाई, आम्हीही उरलेलं द्यायचो. वहीत लिहायचं नाही, एवढंच.

डस्टर:
म्हणजे तुम्ही मला खुर्चीबरोबर हेही शिकवताय.

माजी_हेडमास्तर:
हो. दुसरं कोण शिकवणार?

कारकून_तात्या:
सर, नकाराचा अर्ज देणार असाल तर सोमवारच्या आत द्या. मंगळवारपासून मी तिकडच्या शाळेत आहे, आवक नंबर टाकायला कोणी नसेल.