मदत हवी आहे: मर्सिडीझ सीएलके जीटीआरची रस्त्यावरची आवृत्ती

मुठाकाठ:
माझ्याकडे सीएलके जीटीआरच्या शर्यतीच्या गाडीच्या छोट्या प्रतिकृतीचा किट असून त्यातून मला रस्त्यावरची गाडी घडवायची आहे. मागचा पंख (स्पॉयलर) बदलला, पण संदर्भासाठी ठेवलेल्या छायाचित्राशी मागची बाजू काही केल्या जुळत नाही. पुण्यातले प्रतिकृतींचे प्रदर्शन तोंडावर आले आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

पाषाणवासी:
किट १९९७ च्या गाडीचा की १९९८ च्या? प्रमाण कोणते? आणि कूपे (बंद छताची) करता आहात की रोडस्टर (उघडी)?

भोसरीकर:
पंख कापत बसू नका. संगणकावर आराखडा करून रेझिनमध्ये छापून घ्या. माझे सगळे सुटे भाग मी तसेच करतो.

पाषाणवासी:
आकारच ठाऊक नसेल तर छापणार काय?

कर्वेनगर_२४:
त्यापेक्षा अल्फा रोमिओ ३३ स्त्रादाले करावी. तीही शर्यतीच्या गाडीवरूनच घडली, जेमतेम १८ बनल्या आणि तिला पंखच नाही.

मुठाकाठ:
मला जीटीआरच करायची आहे. किट १९९७ चा, प्रमाण १:२४, कूपे. छायाचित्रात आसनांमागे दोन कमानी दिसतात, त्या किटमध्ये नाहीत.

सदाशिवपेठी:
साल कोणतेही असो, गाडी एकच.

पाषाणवासी:
एकच नाही. १९९८ च्या हंगामात आलेल्या सीएलके एलएममध्ये व्ही-१२ (बारा सिलिंडरच्या) इंजिनाच्या जागी व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन होते. मुठाकाठ, तुमचा किट योग्य आहे, पण छायाचित्र रोडस्टरचे आहे, कारण त्या दोन कमानी उघड्या गाडीत डोक्यामागे असतात आणि तिचा पंखही निराळा आहे. शर्यतीत उतरण्यासाठी रस्त्यावरच्या २५ गाड्या बनवण्याची अट होती. त्यातून २० कूपे झाल्या आणि ६ रोडस्टर नंतर आल्या. कूपेचा पंख शर्यतीच्या गाडीसारखा वेगळ्या आधारांवर उभा नसतो, तर मागच्या अंगातूनच दोन्ही बाजूंनी वर येऊन एकसंध कमानीसारखा जुळतो. त्यामुळे नुसता पंख बदलून भागणार नाही, सांध्यावर पुटी भरून मडगार्डापासूनच वळण द्यावे लागेल.

भोसरीकर:
ती पंखाची कमान मी छापून देऊ शकेन, फक्त मापे द्या.

पाषाणवासी:
मूळ गाडीच्या दोन्ही आसांमधले अंतर २६७० मिमी आहे, म्हणजे १:२४ मध्ये साधारण १११ मिमी. कूपेचे अगदी बाजूने, दुरून घेतलेले छायाचित्र याच अंतराला जुळवून छापा आणि कमानीची उंची त्यावरून घ्या.