मदत हवी आहे : आईसोबत व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाण्याबाबत

नमस्कार. येत्या पावसाळ्यात आईला उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स हे फुलांच्या दरीचे राष्ट्रीय उद्यान दाखवण्याची माझी फार इच्छा आहे. उद्यानात मुक्काम करता येत नसल्यामुळे जवळच्या घांगरिया गावात राहून सकाळी आत जायचे आणि संध्याकाळपूर्वी परतायचे, एवढे ठरले आहे.

अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. चढ ती सावकाश, पण न कुरकुरता चढते. उतारावर मात्र, विशेषतः ओल्या दगडांवर, तिला प्रत्येक पाऊल आडवे टाकावे लागते. घांगरियापर्यंत खेचर मिळते, पण उद्यानात खेचरांना परवानगी नाही आणि माणसाच्या पाठीवरच्या कंडीत (टोपलीत) बसणे तिला मनापासून नको आहे. पुष्पावती नदीवरच्या पुलानंतरचा खडा चढ आणि परतीचा उतार अशा व्यक्तीला कितपत झेपेल, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

शिवाय फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो आणि नेमक्या त्याच काळात दरडी कोसळून रस्ता बंद पडण्याची भीती असते. ऑगस्टच्या अखेरीस गेल्यास पाहण्याजोगी फुले उरतात का? ४,००० मीटरहून अधिक उंचीवरचे हेमकुंड साहिब हे शीख तीर्थस्थान आम्ही वगळणारच आहोत, कारण तिला दरीत निवांत बसता यावे हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.