संचालक हा कर्मचारी असतो का? (कंपनी बुडाल्यावर पडणारा प्रश्न)

विचारणा

एका खासगी कंपनीतला संचालक. कंपनीचे थोडे भाग (शेअर) त्याच्या नावावर आहेत आणि कामाचा दरमहा पगारही तो घेत असे. आता कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आहे आणि त्याचा काही महिन्यांचा पगार थकलेला आहे. दावे मागवणारी सूचना मराठीत नीट समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं आहे. तिच्यात 'कामगार व कर्मचारी' असा शब्दप्रयोग आहे. संचालकाला त्यात धरायचं का? माझ्या कानाला हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. संचालक म्हणजे काम सांगणारा आणि कर्मचारी म्हणजे ते करणारा. शिवाय दिवाळखोरी, नादारी आणि अवसायन हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का, तेही सांगावं.

प्रतिसाद

विरुद्ध वाटतात, कारण 'संचालक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मालक उभा राहतो. पण मराठीतला या शब्दाचा वापर पाहा. शिक्षण संचालक हा सरळ सरळ सरकारी नोकर. सहकारी साखर कारखान्याचा संचालक सभासदांनी निवडून दिलेला, तो कारखान्याचा नोकर नव्हे. आणि त्याच कारखान्याचा कार्यकारी संचालक मात्र पगारी अधिकारी! म्हणजे माणूस नोकरीत आहे की नाही, हे 'संचालक' हा शब्द आपल्याला सांगतच नाही.

माझ्या मते फरक असा करावा: संचालक हे पद आहे, कर्मचारी हे नातं आहे. पद नेमणुकीने किंवा निवडीने मिळतं, नातं कामाच्या कराराने जुळतं. पद असून नातं नसेल, नातं असून पद नसेल, किंवा एकाच माणसाकडे दोन्ही असतील.

आपला २०१३ चा कंपनी कायदाही असंच धरून चालतो. 'पूर्णवेळ संचालक' या संज्ञेच्या व्याख्येतच कंपनीच्या पूर्णवेळ नोकरीत असलेला संचालक येतो. दुसऱ्या टोकाला स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेला. ज्याला स्वतंत्र संचालक म्हणून नेमायचं, तो आधीच्या तीन आर्थिक वर्षांत त्या कंपनीचा कर्मचारी असून चालत नाही. संचालक आणि कर्मचारी मुळातच वेगळे असते तर ही अट घालायची गरजच पडली नसती.

प्रतिसाद

वरच्या मताशी सहमत. यावर न्यायालयांत खूप खल झालेला आहे आणि तो वाचताना शब्दांचे अर्थ फार स्वच्छ होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न्यूझीलंडमध्ये ली नावाच्या वैमानिकाने १९५४ साली विमानातून शेतांवर खत टाकणारी कंपनी काढली. ३,००० भागांपैकी २,९९९ त्याचे. कारभार पाहणारा संचालक तोच आणि पगारी मुख्य वैमानिकही तोच. १९५६ मध्ये काम करत असताना विमान कोसळून तो गेला. पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. तिथलं अपील न्यायालय म्हणालं, हा स्वतःच स्वतःला हुकूम देणार, मग नोकर कसा? लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे न्यूझीलंडच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९६० मध्ये हा निकाल फिरवला. हुकूम देत होती ती कंपनी, ली फक्त तिच्या वतीने बोलत होता. कंपनी ही त्याच्याहून वेगळी व्यक्ती, तेव्हा तिच्याशी त्याचा नोकरीचा करार होऊ शकतो.

याचं मूळ १८९७ च्या सॉलोमन खटल्यात आहे. कंपनी आणि तिचा मालक या दोन वेगळ्या व्यक्ती, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तिथे पक्कं केलं. आणि तो खटलाही बुडालेल्या कंपनीचाच होता, हे विसरू नये. पैसा भरपूर असतो तोवर कोण कोणत्या नात्याने काय घेतो, हे कुणी विचारत नाही. तो आटला की प्रत्येक रुपयाला नाव विचारलं जातं.

ब्रिटनमध्ये प्रश्न आणखी टोकदार झाला. तिथे कंपनी दिवाळखोर झाली, तर १९९६ च्या रोजगार हक्क कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्यांचा थकलेला पगार, रजेचा पगार आणि नोकरी गेल्याची भरपाई ठरावीक मर्यादेपर्यंत सरकारी राष्ट्रीय विमा निधीतून मिळते. संचालकांनीही हे पैसे मागायला सुरुवात केली. १९९७ मध्ये तिथल्या रोजगार अपील न्यायाधिकरणाने सांगितलं की ज्याच्या हाती बहुमताचे भाग आहेत त्याला त्याच्या संमतीशिवाय काढताच येत नाही, म्हणून तो कर्मचारी नव्हे. दोनच वर्षांत अपील न्यायालयाने हा सरसकट नियम नाकारला. बहुमताचे भाग हातात असणं ही विचारात घेण्याची एक बाब आहे, पण तेवढ्यावर निकाल लागत नाही.

२००९ च्या नॉयफेल्ड खटल्यात ही भूमिका पक्की झाली. आधी पाहायचं की नोकरीचा करार खरा आहे की केवळ दिखाव्याचा. खरा असेल तर माणूस प्रत्यक्षात त्याप्रमाणे वागत होता का, ते पाहायचं. पगार नियमित घेतला का, कर कापला गेला का, की पगाराऐवजी फक्त लाभांश उचलला? कंपनी अडचणीत आल्यावर एखाद-दुसरा पगार सोडला, तर तेवढ्याने नोकरी नाहीशी होत नाही. पण कधी पगारच घेतला नाही आणि लेखी काहीच नाही, तर दावा टिकवणं अवघड होतं.

मला ही पद्धत न्याय्य वाटते. भाग आपल्या नावावर आहेत एवढ्याच कारणाने वर्षानुवर्षांच्या कामाचा मोबदला नाकारणं चूक आहे. आणि बुडण्याच्या तोंडावर घाईने लिहिलेल्या नेमणूकपत्राच्या जोरावर इतरांच्या बरोबरीने रांगेत उभं राहणं, तेही तितकंच चूक.

प्रतिसाद

भारतापुरतं सांगतो, कारण विचारणा इथल्या दाव्याची दिसते.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत, अवसायनात (कंपनी गुंडाळताना) पैसे वाटायचा क्रम कलम ५३ मध्ये आहे. प्रक्रियेचा खर्च आधी निघतो. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि आपला तारणावरचा हक्क सोडून आलेले तारणी धनको (तारण घेऊन कर्ज दिलेले) एका पायरीवर. त्याखाली कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी. भागधारक अगदी तळाला. या कलमात संचालकाचा वेगळा उल्लेखच नाही. म्हणून 'कामगार' आणि 'कर्मचारी' हे शब्द इथे एकमेकांच्या जागी वापरू नका. व्यवस्थापकीय काम करणारा माणूस कामगार कायद्याच्या अर्थाने कामगार नसतो. तेव्हा पगारी संचालकाचा दावा बसलाच, तर तो कर्मचाऱ्यांच्या पायरीवर बसेल.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही व्यवस्थापकीय संचालक कर्मचारी असू शकतो असं मानलं आहे. १९७२ मध्ये राम पर्शाद खटल्यात आयकराच्या संदर्भात आणि पुढे १९९७ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या संदर्भात. दोन्ही ठिकाणी पदाच्या नावाला महत्त्व नव्हतं, कंपनीशी त्याचं नातं काय होतं हे पाहिलं गेलं.

आणखी एक गोष्ट त्या गृहस्थांना जरूर सांगा. संचालकाने कंपनीला स्वतःच्या खिशातून कर्जही दिलेलं असतं, हे फार ठिकाणी दिसतं. ते पैसे पगाराच्या दाव्यात मिसळू नयेत. कर्ज देणारा वित्तीय धनको, त्याचा अर्ज वेगळा. संचालक हा कंपनीचा 'संबंधित पक्ष' असल्यामुळे धनकोंच्या समितीत त्याला मत नसतं, पण त्यामुळे दावा करायचा हक्क जात नाही. संबंधित पक्षाला झुकतं माप देऊन केलेले व्यवहार दोन वर्षं मागे जाऊन तपासता येतात, इतरांच्या बाबतीत एकच वर्ष. या तपासणीच्या कलमात कंसात लिहिलं आहे की केवळ कर्मचारी असल्यामुळे जो संबंधित ठरतो तो यातून वगळावा. इतका बारकावा कायदा करणाऱ्यांनी ठेवला आहे.

विचारणाऱ्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. मग मराठीत लिहू कसं? 'कर्मचारी संचालक' चालेल का? आणि त्या तीन शब्दांचं राहिलंच.

प्रतिसाद

'कर्मचारी संचालक' नको. कर्मचाऱ्यांनी संचालक मंडळावर पाठवलेला प्रतिनिधी, असा अर्थ वाचणारा घेईल. सरकारी बँकांच्या मंडळांवर कर्मचाऱ्यांमधून असे संचालक नेमण्याची कायद्यात तरतूद आहे. 'कंपनीत नोकरीलाही असलेला संचालक' हे चार शब्द लांब वाटले तरी त्यांत घोटाळा होत नाही. थकलेल्या रकमेपुढेही ती कशाबद्दलची आहे हे लिहा: पगार, कर्ज, की बैठकीचा भत्ता. बैठकीचा भत्ता पदाचा असतो, पगारात धरू नका.

नादारी म्हणजे देणी वेळेवर फेडता न येण्याची अवस्था. दिवाळखोरी हा बोलीत सगळ्यालाच वापरतात, पण संहितेच्या भाषेत तो व्यक्ती आणि भागीदारी संस्थांच्या बाबतीत येतो. अवसायन म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवत कंपनी गुंडाळणं. ते करणारा अवसायक. नादारीची प्रक्रिया सुरू झाली म्हणजे अवसायन झालंच असं नाही, कंपनी सावरूही शकते.

एक सावधगिरी. प्रक्रिया सुरू झाली की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि ते प्रक्रिया चालवायला नेमलेल्या हंगामी व्यावसायिकाकडे जातात. अशा संचालकांना बातम्यांत 'निलंबित संचालक' लिहितात. मराठीत निलंबित म्हणजे ज्याच्यावर ठपका आहे आणि चौकशी चालू आहे असा नोकर. इथे तसा ठपका नसतो, संचालकपद जात नाही आणि नोकरीही आपोआप सुटत नाही. तुमच्या मजकुरात 'अधिकार स्थगित झालेले संचालक मंडळ' असंच लिहा.