मँडरिन मासा घरच्या टाकीत ठेवावा का?

खाडीकाठ:
माझं मत सरळ आहे, घेऊ नये. दुकानात तो निळा-केशरी नक्षीचा मासा दिसला की पाय तिथेच थबकतो हे मान्य, पण हा पॅसिफिकच्या रीफवरचा, म्हणजे प्रवाळखडकांवरचा जीव, तिथे दिवसभर दगड टिपत फिरतो आणि टिपतो काय तर कोपेपॉड, म्हणजे आपल्याला जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे जीव. नवीन टाकीतले पॉड बघता बघता संपतात, मग फ्लेक्स टाका, पेलेट टाका, कुठल्याच सुक्या खाद्याकडे ढुंकून बघत नाही. आणि उपासमार चालू आहे हे कळतही नाही, कारण रंग तसाच झळकत असतो. पोट खपाटीला गेलेलं दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

रीफवेडा_पुणे:
नवीन टाकीबद्दल शंभर टक्के सहमत, पण 'घेऊच नये' नाही पटलं. टाकी जुनी आहे, लाइव्ह रॉक (बारीक जीव वसलेले समुद्री दगड) भरपूर आहे, खाली सम्पमध्ये, म्हणजे जोडटाकीत, शेवाळाचं रिफ्युजियम आहे, जिथे पॉड सुरक्षित वाढतात, तर पॉड तयार होत राहतात. रात्री लाइट बंद झाल्यावर तासाभराने काचेवर टॉर्च मारा, पांढरे ठिपके पळताना दिसले पाहिजेत, अगदी काचभर. नसतील तर मासा आणू नका, इतकं सोपं आहे. शिवाय अंगावर खवले नसून जाड बुळबुळीत थर असतो, त्यामुळे व्हाइट स्पॉट, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, त्याला टँग माशासारखा पटकन लागत नाही. टाकीतच जन्मलेली, फ्रोझन खाद्य खायला शिकलेली पिल्लंही परदेशात मिळतात.

खाडीकाठ:
परदेशात मिळतात हो, इथे दुकानदाराला विचारलं कुठून आला तर उत्तर एकच, 'इंपोर्टेड'. समुद्रातून पकडलेला की हॅचरीतला, त्यालाच माहीत नसतं. आणि आजचे पॉड मोजून उद्याची खात्री कशी देणार? तो रोज खाणार आहे.

मत्स्यगंधा:
दादा, मग दुकानातच खाऊ घालून दाखवा म्हणायचं ना. फ्रोझन आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले) समोर टाकायला लावा, टिपला तर पुढचं बोलू, नाहीतर पैसे खिशात. टाकीत सिक्सलाइन रॅस हा मासा असेल तर मात्र विचारच सोडा, तोही तेच पॉड खातो. आणि दोन नर एकत्र ठेवू नका, पाठीवरचा पहिला काटा लांब असतो तो नर, दोघं जिवावर उठतात.
बाकी या माशाचा निळा रंग खराखुरा रंगद्रव्याचा आहे, बहुतेक प्राण्यांत निळा दिसतो तो नुसता प्रकाशाचा खेळ असतो. असा मासा बघावासा वाटणं यात मला काही चुकीचं वाटत नाही.

खाडीकाठ:
ताई, बघावासा मलाही वाटतो. पण रीफवर संध्याकाळी नर-मादी अंगाला अंग लावून वर येतात आणि अंडी सोडतात, आपण मात्र एकटाच आणून ठेवतो. ते राहू दे, मे महिन्यात लाइट गेली, पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडला, त्याचं काय?

रीफवेडा_पुणे:
त्याला इन्व्हर्टर आहे, आणि तो प्रश्न सगळ्याच माशांना लागू आहे, एकट्या मँडरिनला नाही. जोडीचं म्हणणं मात्र पटलं. मोठ्या टाकीत जोडीच आणावी.